थोरला कोण, आणि किती वर्षांचा?
(कुंभकोणम येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



या गावात येऊन आकाशाबद्दल बोलायचं म्हणजे थोडं दबकूनच बोलावं लागतं. गुरू सिंहेत, सूर्य कुंभेत आणि मघा नक्षत्रावर पौर्णिमा असा योग आला की इथे महामहम भरतो, आणि तो कधी भरणार हे इथल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतं. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये. गणिताचं तर विचारायलाच नको. रामानुजन यांची शाळा इथली, कॉलेज इथलं. आणि मराठीतून बोलतोय याचंही इथे कोणाला अप्रूप नाही. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच गावात, तंजावरी मराठी घरात झाला. तेव्हा गाव, गणित आणि भाषा या तिन्ही बाबतींत मी पाहुणा आहे, हे आधीच कबूल करतो.

आकाशातली बारा वर्षं तुमच्या अंगवळणी पडलेली आहेत. मला बोलायचं आहे ते बारा अब्ज वर्षांबद्दल. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. आपल्या आकाशगंगेतले सर्वांत जुने तारे साधारण तेवढ्या वयाचे आहेत, असं आज शास्त्रज्ञ सांगतात. हे कशावरून ठरतं आणि त्या आकड्यावर कितपत विसंबायचं, हा आजचा विषय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला मध्येच उठावं लागलं तरी रुखरुख नको. दोन जुन्या तारकागुच्छांपैकी थोरला कोणता, हे आपल्याला बऱ्याच खात्रीने सांगता येतं. त्या थोरल्याचं वय नेमकं किती, हे सांगताना मात्र आवाज जरा खाली आणावा लागतो. वर्तमानपत्रांत नेमकं उलटं होतं. आकडा ठळक टाइपात छापतात आणि तुलना गाळतात.

हा फरक समजून घ्यायला तुम्हाला दुर्बीण नको, गावातली देवळं पुरेत. नागेश्वरन देऊळ नवव्या शतकाच्या अखेरचं, चोळांच्या सुरुवातीच्या काळातलं. पलीकडे दारासुरमचं ऐरावतेश्वर दुसऱ्या राजराजाचं, बाराव्या शतकातलं. आणि रामस्वामी देऊळ रघुनाथ नायकाचं, सतराव्या शतकातलं. या तिन्ही ठिकाणी खांबाच्या माथ्यावर, तुळई जिथे टेकते तिथला दगड नीट पाहा. इथले स्थपती त्याला पोदिगै म्हणतात. चोळांची पोदिगै खालून तिरकी छाटलेली, मधोमध थोडी पुढे काढलेली. विजयनगर आणि नायकांच्या काळात तिच्याच टोकाला खाली लोंबणारी कमळाची कळी येते. पाँडिचेरीत राहणारे फ्रेंच अभ्यासक जुव्हो-दुब्रई यांनी १९१४ मध्ये अशाच खुणांच्या आधारे, शिलालेख नसलेल्या देवळांचासुद्धा क्रम लावून दाखवला. पण त्यातून क्रमच कळतो, वर्ष कळत नाही. वर्षासाठी लेख लागतो. लेखात तरी काय असतं? ‘अमुक राजाचं अमुकावं वर्ष’. तो राजा गादीवर कधी बसला हे पुन्हा वेगळं ठरवावं लागतं आणि त्यासाठी लेखातली तिथी, वार, नक्षत्र घेऊन गणित करावं लागतं. मद्रासचे स्वामिकन्नू पिळ्ळै यांनी त्यासाठी ‘इंडियन इफेमेरिस’चे जाडजूड खंड तयार केले, ते याच कामासाठी आजही उघडले जातात. चोळांच्या तारखा शेवटी आकाशावरून निघतात, हे मला नेहमीच गमतीचं वाटतं.

ताऱ्यांवर लेख नाही. तिथे पोदिगैच पाहावी लागते.

जुने तारे आणि नवे तारे असे दोन गट आहेत, हे मुळात लक्षात आलं ते महायुद्धाच्या काळात. वाल्टर बाडे हे जर्मन शास्त्रज्ञ अमेरिकेत माउंट विल्सन वेधशाळेत होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना युद्धाचं काम मिळालं नाही. सहकारी त्या कामावर गेले, खाली लॉस एंजेलिसचे दिवे युद्धासाठी मंद केलेले, आणि शंभर इंची दुर्बीण बाडेंच्या हाती. त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे सुटे करून दाखवले आणि १९४४ मध्ये मांडलं की तारे दोन प्रकारच्या समूहांत आहेत. पहिल्या समूहातले सर्पिल भुजांमध्ये, धूळ आणि वायूजवळ, निळे तेजस्वी. दुसऱ्या समूहातले गाभ्यात आणि गोलाकार तारकागुच्छांत, तिथे सर्वांत तेजस्वी तारे तांबडे. दुसऱ्या समूहाचे तारे म्हातारे, हे पुढे स्पष्ट झालं.

गोलाकार तारकागुच्छ आपल्या आकाशगंगेत दीडशेच्या आसपास आहेत. एकेका गुच्छात लाखो तारे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असतात. त्यांतला सर्वांत मोठा ओमेगा सेंटॉरी, सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा. एप्रिल-मे महिन्यांत रात्री दक्षिणेला तो तुमच्याकडे क्षितिजापासून एकतीस अंश वर येतो, पुण्यात चोवीस अंशच. ४७ टुकानी नावाचा गुच्छ तर पुण्यातून दिसतच नाही. तुमच्याकडे तो सात अंशांपर्यंत चढतो, म्हणजे हवा स्वच्छ असेल आणि आड नारळ नसेल तर. जुने तारे पाहायच्या बाबतीत कुंभकोणम पुण्याहून भाग्यवान आहे, हे पुणेकरांनी मनावर घेऊ नये.

वय काढायला गुच्छच का, एकटा तारा का नाही? गुच्छातले तारे जवळजवळ एकाच वेळी, एकाच वायूतून जन्मलेले असतात आणि आपल्यापासून सारख्याच अंतरावर असतात. फरक उरतो तो वस्तुमानाचा, आणि वस्तुमानावर ताऱ्याचं आयुष्य ठरतं. मोठा तारा इंधन बेसुमार जाळतो. सूर्याचं हायड्रोजन जाळण्याचं आयुष्य सुमारे दहा अब्ज वर्षांचं, सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या ताऱ्याचं काही कोटी वर्षांत आटोपतं, आणि सूर्याच्या आठ-दशांश वस्तुमानाचा, जड मूलद्रव्यं कमी असलेला तारा बारा-तेरा अब्ज वर्षं रेटतो.

आता एक आलेख डोळ्यांसमोर आणा. गुच्छातल्या प्रत्येक ताऱ्यासाठी एक टिंब. डावीकडे निळे तारे, उजवीकडे तांबडे. वर तेजस्वी, खाली मंद. नव्या गुच्छात टिंबांचा पट्टा वर डावीकडून खाली उजवीकडे तिरका उतरतो. ही मुख्य श्रेणी, हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची. जुन्या गुच्छात या पट्ट्याचा वरचा डावा भाग गायब असतो, कारण ते तारे केव्हाच संपले. खालून वर जाणारा पट्टा एका ठिकाणी उजवीकडे वळतो, थोडं अंतर तिरका जातो आणि मग जवळजवळ सरळ वर चढतो. ती तांबड्या राक्षसी ताऱ्यांची शाखा. मधेच डावीकडे एक आडवी शाखा फुटते, तिथले तारे हेलियम जाळतात. वळणावर जे तारे आहेत त्यांचं इंधन नुकतंच संपत आलंय. वळणाची तेजस्विता कळली की तिथल्या ताऱ्याचं वस्तुमान कळतं, वस्तुमान कळलं की वय. गुच्छ जितका जुना, तितकं वळण खाली.

तारा मुख्य श्रेणी सोडतो ते केव्हा, हा प्रश्न सोडवणाऱ्यांत एक माणूस तुमच्या भागातला आहे. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचा जन्म १९१० मध्ये लाहोरचा, पण घराणं तमिळ. त्यांचे काका सी. व्ही. रामन यांचा जन्म कावेरीकाठी तिरुवानैक्कावलला. १९४२ मध्ये चंद्रशेखर आणि ब्राझीलचे मारिओ शेनबर्ग यांनी दाखवलं की ताऱ्याच्या केंद्रात साचलेलं हेलियम एकूण वस्तुमानाच्या सुमारे एक-दशांश झालं की ते वरचा भार पेलू शकत नाही. केंद्र आकुंचन पावतं, बाहेरचा भाग फुगतो. गोलाकार गुच्छांतल्या लहान ताऱ्यांत इलेक्ट्रॉनांचा दाब आड येतो, त्यामुळे ही मर्यादा त्यांना जशीच्या तशी लागत नाही. पण मुख्य श्रेणी सोडण्याचं गणित करता येतं, हा विश्वास तिथून आला. जाता जाता सांगतो, रामानुजन यांचा जो पासपोर्टचा फोटो सगळीकडे छापला जातो, तो १९३६ मध्ये गणितज्ञ हार्डींच्या सांगण्यावरून रामानुजन यांच्या पत्नीकडून मिळवून आणला तो याच चंद्रशेखरांनी.

आलन सँडेज, हाल्टन आर्प आणि विल्यम बाउम यांनी पॅलोमारच्या नव्या दुर्बिणीने एम ३ आणि एम ९२ या गुच्छांचं वळण प्रथम नीट टिपलं, ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. १९५५ मध्ये फ्रेड हॉइल आणि मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी त्यावर गणित करून सहा अब्जांच्या आसपासचं वय काढलं. आज तेच गुच्छ त्याच्या दुपटीने जुने मानले जातात. तारे तेच, आलेख जवळजवळ तोच, आणि वय दुप्पट. मग मधल्या काळात बदललं काय?

काही बदल ताऱ्यांच्या आतल्या भौतिकीत झाले. पण सर्वांत मोठी अडचण अंतराची होती आणि आहे. आपल्याला आलेखावर दिसते ती वरवरची तेजस्विता. खरी काढायची तर गुच्छ किती दूर आहे ते माहीत हवं. अंतर पाच टक्क्यांनी चुकलं की तेजस्विता दहा टक्क्यांनी चुकते, आणि वयही साधारण दहा टक्क्यांनी. बारा अब्जांचे दहा टक्के म्हणजे एक अब्जाहून जास्त. मधल्या धुळीने ताऱ्यांचा प्रकाश मंद आणि तांबूस होतो, त्याचा हिशेब निराळा. हे सगळं म्हणजे फुटकळ चूक नव्हे. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीने एम १०० दीर्घिकेचं अंतर मोजलं, आणि त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा जो वेग निघाला तो तेव्हाच्या सोप्या प्रतिकृतीत घातला तर विश्वाचं वय आठ अब्जांच्या आसपास येत होतं. गोलाकार गुच्छांचं वय तेव्हा पंधरा अब्ज सांगितलं जात होतं. आईपेक्षा लेक थोरली, अशी पंचाईत झाली.

सुटका दोन बाजूंनी झाली. १९९७ मध्ये हिपार्कोस उपग्रहाची मोजमापं प्रसिद्ध झाली. जवळचे, जड मूलद्रव्यं कमी असलेले तारे आधी वाटलं त्याहून दूर निघाले, म्हणून त्यांच्याशी ताडून पाहिलेले गुच्छही दूर गेले. गुच्छ दूर म्हणजे वळणावरचे तारे जास्त तेजस्वी, म्हणजे जास्त वस्तुमानाचे, म्हणजे कमी वयाचे. पुढच्या वर्षी ब्रायन शाबॉय आणि सहकाऱ्यांनी सर्वांत जुन्या गुच्छांचं वय ११.५ अब्ज, अधिक-उणे १.३, असं काढलं. त्याच १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचं सुपरनोव्हांवरून दिसलं आणि विश्वाचं वय वर सरकलं. आज ते १३.८ अब्ज मानतात. लेक वयाने खाली आली, आई वर गेली आणि घर शांत झालं.

आता पोदिगैकडे, म्हणजे तुलनेकडे. अंतर चुकलं तर आलेखावरची सगळी टिंबं एकदमच वर किंवा खाली सरकतात. धुळीचा अंदाज चुकला तर ती आडवीही सरकतात. पण आकृतीतली आतली अंतरं तशीच राहतात. आडवी शाखा आणि वळण यांतलं उभं अंतर वयाबरोबर वाढतं. वळण आणि राक्षसी शाखेचा पायथा यांतलं आडवं अंतर वयाबरोबर कमी होतं. ही दुसरी खूण डॉन व्हँडेनबर्ग, मायकेल बोल्टे आणि पीटर स्टेटसन यांनी १९९० मध्ये व्यवस्थित वापरून दाखवली. जड मूलद्रव्यांचं प्रमाण सारखं असलेले दोन गुच्छ घ्यायचे, एकाचा आलेख दुसऱ्यावर ठेवायचा, वळणं जुळवायची आणि राक्षसी शाखा कुठे पडतात ते बघायचं. अंतराची भानगडच नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे एनजीसी २८८ आणि एनजीसी ३६२. दोन्हींत जड मूलद्रव्यांचं प्रमाण जवळपास सारखं. पण २८८ ची आडवी शाखा सगळी निळ्या बाजूला, ३६२ ची बहुतेक तांबड्या बाजूला. प्रमाण सारखं असताना असं का? आलेख एकावर एक ठेवल्यावर २८८ हा काही अब्ज वर्षांनी थोरला ठरला. आडव्या शाखेचा सगळा फरक वयानेच समजावता येतो का, यावर वाद अजून आहे. हेलियमचंही प्रमाण त्यात असावं. पण थोरला कोण, यावर आता कोणी फारसं भांडत नाही. हबलच्या एका मोठ्या पाहणीतून २००९ मध्ये चौसष्ट गुच्छांची अशी तुलना झाली. तिच्यात दोन गट सरळ वेगळे दिसले. एका गटातले गुच्छ जवळजवळ एकाच वयाचे, फरक पाचेक टक्क्यांचा. दुसऱ्या गटात जड मूलद्रव्यं जितकी जास्त, तितका गुच्छ तरुण. हा दुसरा गट बहुधा बाहेरून आलेला, म्हणजे आकाशगंगेने गिळलेल्या लहान दीर्घिकांबरोबर आलेला. २०१८ मध्ये गाइया उपग्रहाच्या मोजमापांवरून सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी अशी एक मोठी दीर्घिका आपल्यात विलीन झाल्याचं स्पष्ट झालं. एनजीसी ३६२, १२६१ आणि १८५१ हे गुच्छ तिचेच मानतात. वयांचा आकडा पुढे-मागे झाला तरी ही कहाणी टिकते, कारण ती तुलनेवर उभी आहे.

या गुच्छांचा आपल्याशीही संबंध आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोने ॲस्ट्रोसॅट सोडला. त्यावरची अतिनील दुर्बीण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने झाली. अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातून एनजीसी १८५१ आणि २८८ सारखे गुच्छ पाहिले. अतिनील प्रकाशात तांबडे राक्षसी तारे जवळजवळ नाहीसे होतात आणि आडव्या शाखेचे तापलेले तारे गर्दीतून सुटे दिसतात. एनजीसी १८५१ मध्येच २००४ साली जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने एक पल्सार शोधला होता. एकच गुच्छ, आणि त्याच्याकडे एक डोळा नारायणगावजवळून, दुसरा कक्षेतून.

आकड्याला वेगळा साक्षीदार मिळतो का, हे पाहणं भागच होतं. श्वेत बटू हे मेलेल्या ताऱ्यांचे अवशेष. त्यांच्यात इंधन नाही, ते नुसते थंड होत जातात, आणि त्यांना तोलून धरणारा इलेक्ट्रॉनांचा दाब चंद्रशेखरांच्याच गणितातला. गुच्छातला सर्वांत मंद श्वेत बटू किती मंद आहे, त्यावरून गुच्छ किती जुना ते कळतं. ज्येष्ठा नक्षत्रातला तांबडा तारा तुम्ही ओळखता. तो दोन कोटी वर्षांचाही नसेल. त्याच्या शेजारी, दीड अंशाच्या आत, एम ४ हा गुच्छ आहे. हबलने त्यातले श्वेत बटू टिपले आणि २००२ मध्ये वय निघालं १२.७ अब्ज, अधिक-उणे ०.७. दुसरा साक्षीदार थोरियम. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मणवाळकुरिच्चीच्या वाळूत तो आहेच, काही जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशपटातही त्याची रेघ सापडते. त्याचं अर्धायुष्य चौदा अब्ज वर्षं, युरेनियमचं साडेचार. दोन्हींचं प्रमाण मोजून २००१ मध्ये एका ताऱ्याचं वय साडेबारा अब्ज निघालं. अधिक-उणे तीन. या तीनकडे दुर्लक्ष करू नका. पण तिन्ही वाटा बाराच्या आसपास येतात, यालाही काही किंमत आहे.

शेवटी एका मराठी माणसाबद्दल. जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले. १९९३ मध्ये त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर अर्धस्थिर विश्वाचा सिद्धान्त मांडला. त्यात महास्फोट नाही, विश्व फार दीर्घ काळ टिकलेलं आणि आकुंचन-प्रसरणाच्या आवर्तनांतून जाणारं. असं असेल तर चौदा अब्जांहून फार जुने तारे सापडायला हवेत. सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचे तारे एरवी अजून मुख्य श्रेणीवरच असायला हवेत, त्यातला एखादा राक्षसी झालेला दिसला तरी महास्फोटाचं गणित कोसळेल. ही कसोटी त्यांनी स्वतःच उघडपणे पुढे ठेवली. असा तारा आजवर सापडलेला नाही. २०१३ मध्ये एचडी १४०२८३ या ताऱ्याचं वय १४.५ अब्ज निघालं आणि ‘विश्वापेक्षा जुना तारा’ म्हणून बोभाटा झाला. पण तिथेही अधिक-उणे ०.८ होतंच, आणि नंतरच्या हिशेबांत तो बारा अब्जांच्या आसपास उतरला. मला त्यांचा सिद्धान्त पटलेला नाही. सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीचं महास्फोटवाल्यांचं स्पष्टीकरण मला कितीतरी सरळ वाटतं. पण आपण कशाने चूक ठरू हे आधी सांगून मग वाद घालणारे फार थोडे, आणि नारळीकर त्यांत होते.

इथल्या कॉलेजातली मुलं समोर बसली आहेत, त्यांना एक काम देऊन थांबतो. गाइयाची सगळी मोजमापं कोणालाही फुकट मिळतात, ॲस्ट्रोसॅटची जुनी निरीक्षणंही बंगळूरजवळच्या केंद्रात खुली आहेत. एनजीसी २८८ आणि ३६२ चे तारे उतरवून घ्या. ३६२ च्या मागे छोटा मॅगेलन मेघ आहे, त्याचे तारे गतीवरून वेगळे काढा, नाहीतर आलेख बिघडेल. मग दोन्ही आलेख एकावर एक ठेवा, आणि थोरला कोण ते स्वतः पाहा. वयाचा आकडा एवढ्यात कोणी विचारला तर सांगू नका.